वाइन आणि साके चाखायची कशी? सुरुवात मिसळणाच्या डब्यापासून

फेब्रुवारीत आमच्या तासगाव भागात व्यापारी बागेत आला की आधी घडाच्या शेंड्याचा मणी तोडून तोंडात टाकतो. खांद्याचे मणी लवकर गोड होतात, शेंडा सगळ्यात शेवटी. शेंडा गोड लागला की घड तयार. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब पिळून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतात, पण तोवर जिभेनं निम्मा सौदा ठरवलेला असतो. ही जीभ आमच्याकडे घरोघरी आहे. मण्यात पाणी कधी उतरलं, साल जाड आहे का, मणी करकरीत आहे की मऊ पडलाय, हे शाळकरी पोरसुद्धा सांगतं. आणि याच माणसांच्या हातात वाइनचा ग्लास आला की दोनच शब्द निघतात: कडू आहे, नाहीतर आंबट आहे.

मला याची खंत वाटते. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात राज्यानं विंचूरबरोबर आपल्या पलूसलाही वाइन पार्क दिला. द्राक्ष आपलं, पण चव सांगायची भाषा मात्र परक्याची, असं होऊ नये म्हणून हा लेख. शेवटी साकेचीही, म्हणजे तांदळापासून केलेल्या जपानी दारूची, ओळख आहे. कायद्यानं ठरवलेलं वय झालेल्यांसाठी, परवाना असलेल्यांसाठी, आणि झिंग नको पण चव कळायला हवी असं वाटणाऱ्यांसाठी. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

आधी जागा नीट करा

आम्ही चार मित्र पहिल्यांदा बसलो ते सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरी. टेबलावर लसणाचं भडंग, कोपऱ्यात उदबत्ती, आत आमटीला फोडणी. तीन बाटल्या उघडल्या आणि तिन्हींना लसणाचा वास आला. ती संध्याकाळ वाया गेली, पण धडा मिळाला. चाखायच्या खोलीत उदबत्ती, अत्तर, तंबाखू, फोडणी यातलं काही नको. भडंग नंतर. मध्ये तोंड साफ करायला पाणी आणि साधी पोळी किंवा पाव पुरे. जेवणाआधी, सकाळी अकराच्या सुमारास नाक सगळ्यात तरतरीत असतं. निदान सुट्टीच्या दिवशी तरी तेव्हाच बसा.

ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. चाखण्याचा प्रमाणित ग्लास जेमतेम 215 मिलिलिटरचा असतो आणि त्यात 50 मिलिलिटरच ओततात. या हिशेबानं 750 मिलिलिटरच्या एका बाटलीत पंधरा जणांचं चाखून होतं. ग्लासाला साबणाचा वास राहिला असेल तर गरम पाण्यानं पुन्हा विसळा.

तापमानाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला' हा सल्ला युरोपातल्या थंड दगडी घरांचा आहे, सांगलीच्या एप्रिलमधल्या खोलीचा नाही. रेडला 16 ते 18 अंश हवेत, म्हणून उन्हाळ्यात बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट 8 ते 12 अंशांना चाखायची, तेव्हा ती फ्रिजमधून दहा मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार असली की वास मुका होतो, फार गरम असली की नुसतं अल्कोहोल नाकात जातं.

आणि थुंकायला भांडं ठेवा. आमच्याकडे आजोबांची पितळी पिकदाणी पुन्हा वापरात आली आहे. थुंकण्यात कमीपणा काही नाही. जगभरचे पारखी थुंकतात, म्हणूनच सहाव्या ग्लासलाही त्यांची जीभ शाबूत असते.

नाकाची तालीम

बाटली उघडण्याआधी मिसळणाचा डबा उघडा. डोळे मिटा आणि दुसऱ्या कोणालातरी एकेक वाटी नाकाखाली धरायला सांगा: मिरे, लवंग, दालचिनी, बडीशेप, जायफळ. रोज हाताळतो ते मसाले डोळे मिटल्यावर पटकन ओळखू येत नाहीत, याचं पहिल्यांदा नवल वाटतं. मग फळं घ्या. पेरू, केळं, कैरी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जांभूळ. मग सुकं खोबरं, गुलकंद, काकवी, मूठभर बेदाणा.

हे नुसतं उपमेसाठी नाही. मिऱ्याला ज्या द्रव्यामुळे वास येतो, त्या रोटंडोननंच शिराझ या काळ्या द्राक्षाच्या रेड वाइनलाही मिऱ्याचा वास येतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये हे दाखवून दिलं. लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडात असतं, म्हणून ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेचा वास येतो. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनमधला ढोबळी मिरचीचा वासही खऱ्या ढोबळीत असतो त्याच द्रव्याचा.

1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अॅन नोबल यांनी वासांचं एक चक्र मांडलं. ते आजही जगभर वापरतात. त्यात ब्लॅककरंट वगैरे फळं आहेत. आपल्यातल्या बहुतेकांनी ती कधी तोंडात घातलेली नाहीत. मी माझ्या वहीत जांभूळ आणि करवंद लिहितो. तुम्हीही तसंच करा. न खाल्लेल्या फळाचं नाव लिहिण्यात अर्थ नाही.

बघणं, हुंगणं, फुरकणं

बघण्यात फार वेळ घालवू नका. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. रेडची कड विटकरी झाली असेल तर वाइन वयस्कर आहे. व्हाइट वयाबरोबर गडद होत जाते. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या धारांचं लोक फार कौतुक करतात, पण त्यातून अल्कोहोल आणि साखर यापलीकडे फारसं काही कळत नाही.

हुंगताना पहिल्यांदा ग्लास न हलवता. मग टेबलावर ठेवूनच दोन-तीन वेळा गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. मनात आलेला पहिला शब्द लगेच लिहून टाका, शेजारच्याला विचारू नका. ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब होतं असं समजा. ती बाटली बाजूला ठेवा. जॅम करपल्यासारखा वास आला तर बाटली कुठेतरी उन्हात तापलेली आहे. माझ्या हाती अशी एक आली होती, दुकानदारानं ती काचेच्या दारात उभी मांडली होती. तेव्हापासून मी आतल्या फळीवरचीच बाटली मागतो.

आता घोट. चमचाभर वाइन तोंडात घ्या आणि बशीतला कढत चहा फुरकतो तशी थोडी हवा आत ओढा. आवाज होऊ द्या, त्यानंच वास घशामागून नाकात चढतो. दहा सेकंद तोंडात घोळवा आणि एकेका गोष्टीकडे लक्ष द्या.

आंबटपणा जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात कळतो; चिंच बघितल्यावर सुटते तशी तिथे लाळ सुटते. तुरटपणा याच्या उलट, तोंड कोरडं करतो. तो सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमुळे येतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढून धरल्यासारखी होते, अगदी तेच. 'वाइन कडू आहे' असं आपण म्हणतो तेव्हा दहातल्या आठ वेळा ती तुरट असते, असा माझा अनुभव आहे. हा एक शब्द नीट वापरता आला तरी अर्धं शिक्षण झालं. बिनबियांचं थॉम्पसन आणि वाइनचं काबरने द्राक्ष शेजारी चावून बघायला मिळालं तर सोडू नका. काबरनेचा मणी लहान, गर नावाला, साल जाड, आत बिया. नुसती साल चावली तरी तुरटपणा कुठून येतो ते कळतं.

गोडीबाबत नाक फसवतं. पिकल्या फळाचा वास आला की वाइन गोडच वाटते. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, खरी साखर किती ते जीभ सांगेल. अल्कोहोल घशात ऊब देतं. अंग कसं आहे, ताकासारखं पातळ की सायीच्या दुधासारखं, तेही बघा. थुंकल्यावर मनात आकडे मोजा. चव पाचाला संपली की पंधरापर्यंत टिकली? चांगली वाइन लवकर सोडून जात नाही.

मुलूख ओळखायचा तर जोडीनं चाखा

एकटी वाइन काही सांगत नाही. एकाच द्राक्षाच्या दोन मुलखांतल्या वाइन शेजारी ठेवल्या की दोन्ही बोलायला लागतात. कारण आपल्याला बागेतून माहीत आहे: थंडीत मणी आंबट राहतो, ऊन तापलं की आंबटपणा उतरतो आणि साखर चढते. साधारण 22 ते 24 ब्रिक्सच्या रसातून 12 ते 14 टक्के अल्कोहोल मिळतं, म्हणजे जिथं ऊन जास्त तिथं वाइनही जड. जर्मनीतल्या मोसेल खोऱ्याचं रिस्लिंग हे पांढरं द्राक्ष, त्याची वाइन हलकी, कैरीसारखी आंबट. जुनी झाली की तिला रॉकेलचा वास येतो, आणि तो दोष मानत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या बरोसाचं शिराझ दाट, काळं, पिकल्या जांभळाचं. तेच द्राक्ष फ्रान्समध्ये ऱ्होनच्या उत्तर भागात सडसडीत होतं आणि मिरे पुढे येतात.

पहिल्या बैठकीला मी सोव्हिन्यों ब्लां सुचवेन, कारण फरक ढळढळीत आहे. न्यूझीलंडच्या मार्लबरोची वाइन ग्लास नाकाशी नेण्याआधीच पेरू आणि कापलेल्या गवताचा वास सोडते. फ्रान्सच्या सान्सेरची अबोल असते, लिंबाकडे झुकते, आणि ओल्या दगडाची आठवण होते. दुसऱ्या बैठकीला शेनिन ब्लां, हेही पांढरं द्राक्ष: फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची व्हूव्रे आणि आपली नाशिकची. नाशिकची मऊ, पिकल्या फळांची. व्हूव्रेला सफरचंद, मध आणि कण्याला आंबटपणा. तिसरी जोडी आपल्या दाराशी आहे. इटलीतल्या टस्कनीच्या कियांती वाइनमधलं सांजोवेझे द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळही लावलेलं आहे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, क्रमांक घाला आणि कुठली कुठली ते ओळखा.

स्पेनमधल्या रिओहा भागातल्या वाइनला परंपरेनं अमेरिकन ओकची पिंपं वापरतात, त्यानं सुकं खोबरं आणि व्हॅनिला येतो. फ्रान्समधल्या अल्सासच्या गेवुर्त्सट्रामिनर या व्हाइटला गुलकंद आणि लिची. इटलीच्या बारोलो या रेडला डांबर आणि गुलाब एकत्र, आणि तुरटपणा असा की जीभ टाळूला चिकटते.

सांगलीकरांनी एक वाइन तरी शोधून चाखावीच: इटलीतल्या वेनेतोची आमारोने. तिची द्राक्षं तोडल्यावर तीन-चार महिने रॅकवर सुकवतात आणि मग रस काढतात. आपण बेदाण्याला रॅकवर टाकतो तसंच, फक्त आपलं काम उन्हाळ्याच्या तापात काही आठवड्यांत होतं आणि त्यांचं हिवाळ्याच्या गार हवेत. मी पहिल्यांदा तो ग्लास नाकाशी धरला तेव्हा मार्चमधल्या बेदाणा शेडचं दार उघडल्यासारखं झालं. जड, उबदार, किंचित कडसर गोडी, कडेला वाळत आलेल्या देठाचा वास. तोवर कुठल्याही पुस्तकातलं वर्णन मला इतकं पटलं नव्हतं.

साके: इथे द्राक्ष विसरा, भात आठवा

साके वाइनच्याच बैठकीत घेऊ नका. तिच्यात आंबटपणा वाइनपेक्षा कितीतरी कमी असतो. वाइननंतर ती सपक लागते आणि तिच्यावर अन्याय होतो. सांगलीत ती सहज मिळत नाही; पुण्या-मुंबईतल्या जपानी हॉटेलात चाखता येते.

साके तांदळाची. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात, ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत राहतं. दोन्ही कामं एकदम चालतात. अल्कोहोल साधारण 15-16 टक्के. ही कारागिरी डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

बाटलीवर आधी तांदूळ किती सडलाय, म्हणजे घासून बाहेरचा थर किती काढलाय, ते बघा. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात, त्यांनी चव भरड होते. सडत गेलं की आतला पिष्टाचा गाभा उरतो. गिंजो म्हणजे दाणा 60 टक्के किंवा त्याहून कमी उरलेला, दाइगिंजो म्हणजे 50 टक्के किंवा कमी. जुनमाई म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली. गिंजोला केळं, सफरचंद, खरबूज यांचा वास येतो, आणि तांदळातून हे कसं आलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं. साध्या जुनमाईला आंबेमोहोराच्या पेजेसारखा भरीव, खारट-गोडसर स्वाद असतो. जुन्या किमोतो पद्धतीच्या साकेत ताकाचा आंबूसपणा असतो. कितीतरी वर्षं मुरवलेली कोशू मात्र थेट काकवीकडे जाते. आमच्या गुऱ्हाळाच्या मुलखातल्या माणसाला ती नक्की आवडेल.

मुलखाचा फरक इथे बराचसा पाण्यातून येतो. कोबेजवळच्या नादाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, त्यात यीस्ट जोरात चालतं, साके कोरडी, म्हणजे कमी गोड, आणि ठाम होते. क्योतोच्या फुशिमीचं पाणी त्या मानानं हलकं, साके मऊ. निगाताची स्वच्छ, कोरडी, पटकन संपणारी. हिरोशिमाचं पाणी तर इतकं हलकं की तिथल्या मिउरा सेन्झाबुरो यांना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हलक्या पाण्यासाठी वेगळी पद्धतच बसवावी लागली. आड आणि बोअरच्या पाण्यातल्या आमटीचा फरक ओळखणाऱ्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

पारखी साकेसाठी पांढरा चिनी मातीचा पेला वापरतात. त्याच्या तळाशी निळी वर्तुळं असतात: पांढऱ्यावर रंग दिसतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा. घरी पांढरी चिनी मातीची वाटी चालेल. मग एकच जुनमाई दोनदा चाखा. एकदा गार. दुसऱ्यांदा छोट्या तांब्यात ओतून तो गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, बोटाला सोसेल इतकी, म्हणजे 40-45 अंशांपर्यंत, उकळी नको. गारमध्ये दडलेला भाताचा स्वाद उबेनं वर येतो. गिंजोवर हा प्रयोग करू नका, तिचा नाजूक वास उडून जातो. गरम जुनमाई पांढऱ्या रश्शाबरोबर मला फार जमून आलेली वाटते; तांबड्याबरोबर नाही, कारण तिखटाची आग अल्कोहोलनं आणखी भडकते.

उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. वाइन दोन-तीन दिवसांत, साके आठवडाभरात संपवा. रेडचे ग्लास मात्र त्याच रात्री धुवू नका. सकाळी चहाआधी रिकामा ग्लास हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाशी वाळलेल्या थेंबात फळ किती होतं आणि लाकूड किती, हे तेव्हा रात्रीपेक्षा स्पष्ट कळतं. तेही वहीत त्याच ओळीखाली लिहून ठेवा.