नाशिकला नवीन आलात ना, मग रूम ठरली की त्याच आठवड्यात आपला सिबिल रिपोर्ट काढून बघा

सिडको, अंबड, सातपूर, पाथर्डी फाटा, इकडे दर महिन्याला कुणी ना कुणी नवीन येतंच. साक्री, शिरपूर, नंदुरबार, चाळीसगाव, मालेगाव, आता तर विदर्भ मराठवाड्यातली पण खूप पोरं दिसतात. मी २०११ ला साक्री तालुक्यातून आलो, उत्तमनगरला चुलतभावाच्या रूमवर पाच जण होते त्यात सहावा झालो. मेस कुठली चांगली, डिपॉझिट किती द्यायचं, कंपनीची बस कुठल्या चौकात थांबते हे तुम्हाला रूमवरची पोरं पहिल्याच दिवशी सांगतील. पण सिबिलचं, म्हणजे आपण घेतलेली कर्जं, भरलेले हप्ते आणि त्यावरून पडणारा स्कोअर ह्या नोंदींचं, कुणी सांगत नाही, मला पण कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी माझा एक फ्लॅट हातातून गेला म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

झालं असं की गावाकडे असताना मी धुळ्याच्या एका फायनान्स कंपनीकडून गाडी घेतली होती, हप्ते सगळे भरले, शेवटचा हप्ता एकदा बाऊन्स झाला तो पण आठ दिवसांनी रोख भरला, पावती घेतली आणि विषय संपला असं समजून इकडे आलो. बाऊन्स चार्जचे साडेतीनशे रुपये तसेच राहिले होते ते मला माहितीच नाही, कारण नाशिकला आल्यावर मी सिम बदललं आणि त्यांचे फोन जुन्या नंबरवर जात होते. २०१९ ला पाथर्डी फाट्याला टू बीएचके बघितला, टोकन दिलं, बायकोने किचनचा ओटा कसा करायचा ते पण ठरवलं, आणि बँकेने सांगितलं की तुमच्या नावावर रिटन ऑफ, म्हणजे बुडीत धरलेलं, खातं दिसतंय, लोन होणार नाही. साडेतीनशे रुपयांसाठी. ते दुरुस्त करायला अडीच महिने गेले आणि तोपर्यंत बिल्डरने तो फ्लॅट दुसऱ्याला दिला.

म्हणून सांगतो, लोन पाहिजे असेल तेव्हा रिपोर्ट बघायचा नाही, त्याच्या सहा महिने आधी बघायचा. आणि आपण गाव सोडून आलेली माणसं असल्यामुळे आपल्याला हे जास्त लागू आहे, कारण आपला पत्ता बदलतो, नंबर बदलतो, जुनी बँक दोनशे किलोमीटरवर राहते, पण पॅन नंबर तोच असतो आणि सगळा हिशोब त्या पॅनला चिकटून आपल्या मागोमाग येतो.

आता सिबिल सिबिल आपण म्हणतो खरं, पण अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा हा आरबीआयचा नियम आहे, २०१७ पासून. म्हणजे चारही ठिकाणी मिळून वर्षाला चार रिपोर्ट फुकट, तीन तीन महिन्यांनी एकेक काढला तर वर्षभर लक्ष राहतं. साइटवर पैसे भरायच्या प्लॅनचं पान मध्ये येतं, ते सोडून पुढे जायचं. आणि रूमवर हमखास कुणीतरी म्हणतं की सारखं चेक केलं तर स्कोअर कमी होतो, तसं काही नाही, आपण स्वतः आपला रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. लोनसाठी अर्ज केल्यावर बँक किंवा फायनान्सवाला बघतो तेव्हा ती इन्क्वायरी म्हणून नोंद होते, आणि थोड्या दिवसात अशा खूप नोंदी झाल्या तर त्याचा परिणाम होतो. एमजी रोडला मोबाईल घ्यायला जाता, दुकानदार तुमचं पॅन आधार घेतो, एका फायनान्सला नाही झालं की दुसरीकडे टाकतो, तिथं नाही झालं की तिसरीकडे, तुम्ही तिथं चहा पीत बसलेले असता आणि रिपोर्टवर एका तासात तीन इन्क्वायऱ्या. दुकानदाराला आधीच सांगा, एकाच ठिकाणी टाक, नाही झालं तर राहू दे.

रिपोर्ट काढताना पहिली अडचण ओटीपीची येते. जुनं सिम बंद करायच्या आधी प्रत्येक बँकेत, प्रत्येक फायनान्सकडे नंबर बदलून घ्या, हे काम रूम बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे. सिम आधीच गेलं असेल तर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडून अर्ज करून पण रिपोर्ट मागवता येतो, थोडा वेळ लागतो एवढंच.

रिपोर्ट हातात आला की लोक फक्त स्कोअर बघतात, ३०० ते ९०० मधला तो आकडा, आणि बंद करतात. आकडा नंतर बघा. आधी नाव, जन्मतारीख, पॅन वाचा. मग पत्ते. दर अकरा महिन्यांनी रूम बदलणाऱ्याचे चार पाच पत्ते दिसतात, जुना पत्ता दिसला म्हणजे चूक नव्हे, पण ज्या गावात तुम्ही कधी राहिलाच नाही तिथला पत्ता किंवा अनोळखी मोबाईल नंबर दिसला तर तिथं थांबा, एकतर दुसऱ्या कुणाची माहिती तुमच्यात मिसळलीय, नाहीतर तुमचं पॅन कुणीतरी वापरलंय. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, बापाचं नाव पण सेम असे दोन दोन जण असतात, त्यामुळे ही सरमिसळ होऊ शकते.

मग एकेक खातं. बंद झालेल्या कर्जात बाकी शून्य पाहिजे आणि बंद झाल्याची तारीख भरलेली पाहिजे. खाली महिन्यावार चौकोन असतात, तीन वर्षांपर्यंतचे, त्यात ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०३० किंवा ०६० असं काही असेल तर तेवढे दिवस उशीर. एक्स एक्स एक्स बघून घाबरू नका, त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि सेटल्ड, रिटन ऑफ हे शब्द कुठे आहेत का ते नीट शोधा. वसुलीवाला फोनवर गोड बोलतो की चाळीस हजारांऐवजी पंधरा भरा, फाइल बंद करून टाकू, आपल्याला वाटतं सुटलो. ती फाइल सेटल्ड म्हणून बंद होते, आणि पुढच्या बँकेला त्याचा अर्थ असा दिसतो की ह्याने पूर्ण पैसे दिले नव्हते. शक्य असेल तर पूर्णच भरा, आणि सेटलमेंट झालेलीच असेल तर उरलेली रक्कम भरून एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, घ्या आणि खातं क्लोज्ड दाखवायला लेखी सांगा.

अनोळखी नाव दिसलं की लगेच फ्रॉड समजू नका. ॲपवरून पाच हजार घेतले असतील तर रिपोर्टवर ॲपचं नाव येईलच असं नाही, त्याच्या मागच्या फायनान्स कंपनीचं नाव येतं, म्हणून रक्कम आणि तारीख जुळवून बघा. देना बँकेत खातं होतं त्यांना बँक ऑफ बडोदा दिसेल कारण २०१९ ला ती त्यात विलीन झाली, सिंडिकेटवाल्यांना कॅनरा दिसेल. आणि गावाकडे वडिलांच्या, भावाच्या, मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन म्हणून सही केली होती ना, ते पण तुमच्या रिपोर्टवर दिसतं. तिकडे हप्ता थकला की इकडे तुमचं होमलोन अडकतं. दिवाळीला घरी जाल तेव्हा तो विषय स्पष्ट काढा, वाईटपणा वाटतो, मला पण वाटला होता, तरी काढा.

चूक सापडली तर दोन्हीकडे एकदमच लिहा. एक, त्या क्रेडिट कंपनीच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीची तक्रार, टाका, कुठलं खातं, कुठला रकाना, काय चुकलंय आणि काय पाहिजे. दोन, ज्या बँकेचं किंवा फायनान्सचं खातं आहे त्यांना ईमेल करा, सोबत एनओसी, शेवटची पावती, खात्याचा उतारा जोडा. कारण सिबिलवाले स्वतःहून काही बदलत नाहीत, ते बँकेला विचारतात आणि बँक हो म्हणाली तरच बदलतात. फोनवर सांगितलेलं काही धरलं जात नाही, मी पहिला दीड महिना फोनवरच घालवला आणि शेवटी त्यांनी विचारलं की लेखी तक्रार कुठाय.

माझ्या वेळी नव्हता तो भरपाईचा एक नियम आता तुमच्या बाजूने आहे. तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे, त्यातले २१ दिवस बँकेला. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते, हे २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. म्हणून तक्रारीची तारीख आणि नंबर जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर आलं पण पटलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी काही नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. बँका, फायनान्स कंपन्या तर आहेतच, पण २०२२ पासून ह्या चार क्रेडिट कंपन्यांविरुद्ध पण तिथे जाता येतं.

तुम्ही घेतलेलंच नाही असं कर्ज दिसलं तर मात्र वाट बघू नका. त्याच दिवशी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या, आणि ती तक्रार जोडून त्या फायनान्स कंपनीला कळवा की हे खातं माझं नाही, तुमच्याकडची केवायसीची कागदपत्रं आणि पैसे कुठल्या खात्यात गेले ते दाखवा. हप्ता भरू नका, एक हप्ता भरला की ते म्हणतील तुम्ही कर्ज मान्य केलंत.

आणि विजेच्या खांबावर, एटीएमच्या भिंतीवर कागद चिकटवलेले दिसतील, सिबिल क्लीन करून मिळेल, खाली नंबर. आमच्या लाइनवरच्या एका पोराने अशा माणसाला सात हजार दिले, पॅन आधार ओटीपी सगळं दिलं, आणि त्याने तेच केलं जे तुम्ही घरबसल्या फुकट करू शकता, डिस्प्यूट टाकला. नोंद खरी होती म्हणून ती तशीच राहिली. खरी थकबाकी कुणी पुसू शकत नाही, ती भरायची आणि पुढचे हप्ते वेळेवर ठेवायचे, हळूहळू स्कोअर वर येतो, माझा यायला वर्षाच्या वर गेलं.

ज्यांनी कधी कर्जच घेतलं नाही त्यांचा रिपोर्ट रिकामा निघेल, स्कोअरच्या जागी एनएच (नो हिस्ट्री) किंवा उणे एक. हा काही गुन्हा नाही, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला निव्वळ हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नका असं आरबीआयने बँकांना सांगितलेलं आहे. त्यासाठी उगाच ॲपवरचं कर्ज घेऊन हिस्ट्री बनवायच्या भानगडीत पडू नका.

दुरुस्ती झाल्याचं उत्तर आलं की थोडे दिवस थांबून नवीन रिपोर्ट काढून खात्री करा, बाकीच्या तीन कंपन्यांकडे पण बघा, माझं एका ठिकाणी दुरुस्त झालं होतं आणि दुसरीकडे तसंच होतं. शाखेत जायची वेळ आली तर शनिवार बघून जा, आमच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असते आणि पहिल्या तिसऱ्या शनिवारी बँक चालू असते, दुसऱ्या चौथ्याला बंद. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.