माहेरी निघण्याआधी: आईची प्रतिपिंडे बाळापर्यंत वेळेत पोचावीत म्हणून

नाशिक जिल्ह्यात पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला माहेरी नेण्याची रीत अजूनही पाळली जाते, आणि आईच्या रक्तातील प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) बाळाकडे सर्वाधिक प्रमाणात जातात तो काळही त्यानंतरचाच असतो. म्हणून, समजा सासर सिन्नरचे असेल, तर तिथे नोंदवलेले, तपासण्या आणि लसींची नोंद असलेले माता व बाल संरक्षण कार्ड सुरगाण्याच्या माहेरी सोबत न्यावे. ओटीच्या सामानात पहिल्यांदा तेच ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वारेमध्ये आईचे आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेचा बाहेरचा पेशीथर आईच्या रक्तातील द्रव सूक्ष्म पिशव्यांमध्ये ओढून घेतो. पिशवीच्या आत आम्लता वाढली, की तेथील ‘एफसीआरएन’ नावाचे प्रथिन आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांना धरून ठेवते आणि पिशवी बाळाच्या बाजूला उघडल्यावर, आम्लता उरत नसल्यामुळे, त्यांना सोडून देते. आयजीएम आणि आयजीए या जातींना अशी वाट मिळत नाही. ही वाहतूक साधारण तेराव्या आठवड्यापासून सुरू होते, पण 17 ते 22 आठवड्यांपर्यंत बाळाकडील प्रमाण आईच्या जेमतेम 5 ते 10 टक्के असते. 28 ते 32 आठवड्यांत ते वाढून आईच्या निम्म्यापर्यंत पोचते आणि पूर्ण दिवस भरलेल्या बाळात आईपेक्षाही जास्त होऊ शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी त्यामुळेच तोकडी राहते.

दिवस राहिल्याचे कळताच आरोग्य केंद्रात नाव नोंदवून धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस घ्यावी आणि दुसरी मात्रा चार आठवड्यांनी घ्यावी; मागील तीन वर्षांतील गरोदरपणात दोन्ही मात्रा झाल्या असतील, तर एक बूस्टर पुरतो. डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणाऱ्या टीडॅप लसीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. ती 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान, प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यायची असते, कारण प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि पुढे ती ओसरत जातात. बाळाची स्वतःची डांग्या खोकल्याची लस दीड महिन्याला सुरू होते. तोवर त्याला आईचाच आधार असतो. फ्लूची निष्क्रिय लस गरोदरपणात चालते. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या असल्याने गरोदरपणात टाळतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. माहेरी जाण्यापूर्वीच्या 9 तारखेला पुढील लसींच्या तारखा कार्डावर लिहून घ्याव्यात.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अधिक जागरूक राहावे. याच वाटेने बाळाच्या रक्तपेशींना मारक अशी प्रतिपिंडेही जाऊ शकतात, म्हणून ती आईत तयार होऊ न देणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनविषयी 28 आठवड्यांच्या सुमारास विचारावे आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास ते प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत घ्यावे.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासातच छातीशी लावावे. चीक फेकून देऊ नये आणि मध चाटवू नये, कारण वारेतून न गेलेली आयजीए प्रतिपिंडे चिकातूनच बाळाच्या आतड्याला मिळतात. वारेतून आलेली प्रतिपिंडे मात्र दर तीन आठवड्यांनी सुमारे निम्मी होतात. त्यामुळे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी चुकवू नयेत. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिन्यांनी देतात, त्याचेही कारण हेच आहे: त्याआधी आईची उरलेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम दाबू शकतात.

द्राक्षहंगामात पेठ-सुरगाण्याची अनेक कुटुंबे निफाड, दिंडोरीच्या बागांवर कामाला येतात, आणि बाळाच्या लसीची तारीख नेमकी त्याच दिवसांत येऊ शकते. अशा वेळी गावी परतण्याची वाट न पाहता मुक्कामाजवळच्या उपकेंद्रात कार्ड दाखवून लस घ्यावी आणि आशाताईंकडून पुढची तारीख विचारून घ्यावी.