कोणती कादंबरी कोणाच्या हातात द्यावी?

“काहीतरी चांगलं वाचायला सुचव” असं कोणी म्हटलं की आपल्या तोंडून पहिलं नाव निघतं ते आपल्याला आवडलेल्या पुस्तकाचं. ते पुस्तक त्या माणसाच्या घरी जातं, महिनाभर उशाशी पडून राहतं आणि तसंच परत येतं. दोष पुस्तकाचा नसतो आणि वाचणाऱ्याचाही नसतो. आपण त्याला काही विचारलेलंच नसतं.

मी एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसते. पुस्तक बदलायला दुसरी-तिसरीतली पोरं येतात, कॉलेजातली मुलं येतात, ऑफिसातून परस्पर आलेल्या बायका येतात आणि काठी टेकत आजोबाही येतात. तिथे बसून जी रीत हाताशी आली ती सांगते. घरात, मित्रमंडळींत, सोसायटीतल्या पुस्तकांच्या कपाटासाठीही ती उपयोगी पडते.

आधी विचारा: अर्धवट काय सोडलं?

“तुम्हाला काय आवडतं?” या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही. लोक “काहीही चालेल” म्हणतात, नाहीतर आवडायला हवीत अशी मोठी नावं सांगतात. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. शेवटचं पुरं वाचलेलं पुस्तक कोणतं? अर्धवट कोणतं सोडलं, आणि का? सध्या काय वाचायला नको आहे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. समजा कोणी कर्णावरची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी पन्नास पानांवर सोडली. भाषा फार नटवलेली वाटली म्हणून सोडली असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्या. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर इतक्या साध्या, मोजक्या शब्दांत बोलतो की वाचक कुठे अडखळत नाही. जाडी बघून धीर सुटला असेल तर कथासंग्रह द्या. “महाभारत ठाऊक आहे, पुढे काय होणार ते माहीत आहे” असं म्हणाला, तर त्याला गोष्टीतलं गुपित हवं आहे, रहस्यकथेच्या कपाटाकडे न्या. एकाच पुस्तकाला तिघांनी तीन कारणांनी नाही म्हटलं, तर तिघांसाठी वाटा वेगळ्या.

तिसरा प्रश्न संकोचामुळे विचारायचा राहून जातो, पण तो विचाराच. कविता महाजनांची ‘भिन्न’ एचआयव्हीबाधितांच्या आयुष्यावरची फार ताकदीची कादंबरी आहे. ज्या घरात दुखणं चालू आहे त्या घरात ती देताना विषय आधी सांगायलाच हवा. नुकतीच आई गेलेल्या मुलाला ‘श्यामची आई’ देऊ नये, संस्कारासाठीही नाही. रुग्णालयात रात्र जागवणाऱ्या माणसाला चिं. वि. जोशींचा चिमणराव जास्त साथ देतो.

लहान मुलांना पुस्तक देण्याआधी

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तक निवडताना जोडाक्षरं बघा. नुकतं वाचायला लागलेलं मूल गोष्टीपेक्षा अक्षरांशीच झगडत असतं. माधुरी पुरंदरे यांच्या राधा आणि यशच्या पुस्तकांत चित्रंच अर्धी गोष्ट सांगतात, त्यामुळे मुलाचा वेग मंदावला तरी रस टिकतो. इंग्रजी माध्यमातल्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी कळतं पण देवनागरी वाचायला वेळ लागतो. तिथे पहिली काही पानं मोठ्या माणसाने वाचून दाखवावीत आणि गोष्ट रंगात आली की पुस्तक मुलाच्या हातात द्यावं.

आठ ते अकरा या वयात वेग हवा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला बनेश, अजूनही मुलांना पळवत नेतो. घरात धिंगाणा घालणाऱ्यांना दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आपला वाटतो. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ मला फार प्रिय आहे, पण त्यातलं घर आणि त्यातली भाषा आजच्या मुलाला लांबची आहे. म्हणून आधी एक पान मोठ्याने वाचायला सांगा. पानात पाचाहून जास्त शब्दांना अडखळलं, तर ते पुस्तक वर्षभराने द्या किंवा बरोबर बसून वाचा.

बारा ते सोळा

खरी कसोटी इथे लागते. याच वयात मुलांची मराठी वाचनाची सवय सुटते. फास्टर फेणे बालिश वाटू लागलेला असतो, मोठ्यांची कादंबरी जड जाते आणि मित्र इंग्रजी मालिकांबद्दल बोलत असतात. आपण मात्र या वयाला चरित्रं आणि बोधकथा देत बसतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नायक लहान असला म्हणजे पुस्तक लहान मुलांचं होत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन शाळकरी मुलगा आहे म्हणून ‘वनवास’ चौथीतल्या मुलांना वाढदिवसाला दिलेलं मी पाहिलं आहे. त्या मुलांना त्यात काही घडतच नाही असं वाटतं. आजीआजोबांकडे राहणाऱ्या त्या मुलाच्या मनात काय चाललं आहे, हे जाणवायला आपलं बालपण थोडं मागे पडलेलं असावं लागतं. चौदा-पंधराच्या संवेदनशील मुलाला ते भिडतं, आणि तिशी-चाळिशीत तर पुन्हा नव्याने भिडतं. सुरुवात ‘वनवास’पासून करा, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. कथा सुट्या वाचता येतात, म्हणून धाकधूक वाटणाऱ्या वाचकाला एकच कथा वाचायला सांगितली तरी चालतं.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ बरोबर या वयाची आहे. आणीबाणीच्या काळात नववीत असलेला मुकुंद, त्याचे मित्र आणि वर्गातली शिरोडकर. मुलांच्या तोंडची भाषा जशी असते तशी आहे, म्हणून काही पालक बिचकतात. माझं मत स्पष्ट आहे: नववीतल्या मुलाला नववीतल्या मुलाची गोष्ट वाचू द्यावी. पालकांना शंका असेल तर त्यांनी आधी वाचावी. मग बहुधा तेच ती मुलांना देतात.

“मराठीत सायन्स फिक्शन कुठे आहे?” असं विचारणारी मुलं हमखास भेटतात. त्यांना जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ द्या आणि देताना एक हकिकत सांगा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. नामवंत शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांनी झुकू नये, म्हणून. त्या कथेला बक्षीस मिळालं. ही हकिकत ऐकलेलं मूल पुस्तक टेबलावर ठेवून जात नाही. आणि भीतीची चटक असलेल्यांना रत्नाकर मतकरींच्या गूढकथा द्या, ‘खेकडा’पासून. फक्त रात्री एकटं झोपणाऱ्या मुलाला आधी कल्पना द्या.

मोठ्यांसाठी: ‘का आवडलं’ ते खणून काढा

मोठ्या वाचकांच्या बाबतीत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी वाट म्हणजे त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ ज्याला मोहिमा, डावपेच आणि रणांगणासाठी आवडलं, त्याला त्यांचीच ‘झाडाझडती’ आवडेल असं नाही. ती धरणग्रस्तांच्या विस्थापनाची कादंबरी आहे, फार चांगली, पण त्या वाचकाची भूक वेगळी आहे. “त्यातलं काय लक्षात राहिलं?” असं विचारलं की ती भूक कळते. रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचलेल्या दोघांपैकी एक पेशवाईतलं राजकारण सांगतो, दुसरा माधवराव आणि रमाबाईंबद्दल बोलतो. पहिल्याला ‘पानिपत’ द्या. दुसऱ्याला ऐतिहासिक कपाटातून बाहेर काढायला हरकत नाही, त्याला माणसामाणसांमधलं नातं वाचायचं आहे.

फक्त राजेरजवाड्यांचंच वाचणाऱ्यांसाठी माझं हक्काचं पुस्तक आहे अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’. १९५९ सालची ही कादंबरी वारणेच्या खोऱ्यात घडते. त्यात दुष्काळ आहे, इंग्रज सरकारशी झुंज आहे आणि गोष्ट घोड्यावर बसल्यासारखी धावते. इतिहास म्हणजे गडकिल्ले एवढंच ज्यांनी वाचलं आहे, त्यांच्यासमोर गावकुसाबाहेरचा नायक त्याच जोमाने उभा राहतो. ती वाचून आलेले लोक आपणहून पुढचं मागतात. मग बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह द्यायला वेळ योग्य असते.

“पूर्वी खूप वाचायचो, आता होत नाही” म्हणणाऱ्यांना छोटी कादंबरीच द्या. प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ मी या लोकांना सर्वांत जास्त वेळा दिली आहे. मुंबईची नोकरी सोडून हिमालयात रस्ता बांधायला गेलेला इंजिनिअर विश्वनाथ, डोंगराचा कडा आणि लष्करी शिस्तीशी होणारी त्याची टक्कर. नोकरीत नियम आणि सद्सद्विवेक यांच्यात ज्यांची ओढाताण झाली आहे, त्यांना ती खाली ठेववत नाही.

कौटुंबिक कादंबऱ्या भरपूर वाचून “तेच तेच झालंय” म्हणणाऱ्या बाईंना गौरी देशपांडे द्या. ‘एकेक पान गळावया’त दीर्घकथा आहेत, एक वाचून अंदाज घेता येतो. मात्र ‘बायकांसाठीची पुस्तकं’ अशी वेगळी रांग मनात धरू नका. आमच्याकडे रणांगणाच्या कादंबऱ्या ओळीने संपवणाऱ्या बायकाही आहेत.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ कोणाला द्यावी, हे नेहमी विचारलं जातं. गावाकडून शहरात शिकायला आलेल्या, होस्टेलवर राहणाऱ्या, सगळं निरर्थक वाटण्याच्या वयातल्या मुलाला. तिचा नायक, १९६३ सालचा पांडुरंग सांगवीकर, त्याला आपल्या शेजारच्या खोलीतला वाटतो. कथानकाची ओढ हवी असणाऱ्याला मात्र देऊ नका, केवळ ती महत्त्वाची आहे म्हणून तर मुळीच नाही. त्याच वयात प्रेमाची आजची, शहरातली गोष्ट हवी असेल तर सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आहे. भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात.

वयस्कर वाचक

आधी टाइप बघा, मग वजन. ‘तुंबाडचे खोत’ दोन जाड खंडांत आहे. अंथरुणावर पडून वाचणाऱ्याच्या मनगटांना ते झेपत नाही, मग कादंबरी कितीही आवडीची असो. दृष्टी अधू झाली असेल तर स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी कादंबऱ्या ऐकता येतात. घरच्यांनी पहिल्यांदा लावून द्याव्या लागतात इतकंच.

आणि वय झालं म्हणून अध्यात्मच द्यायचं हे बंद करा. आमच्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका पोथीसारखं काही पुढे केलं की हात मागे घेतात. “ते घरी आहे गं. मला खून असलेलं दे.” त्यांना बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार दिला तर शाळेत असताना चोरून वाचलेला आठवून त्या तिथेच बाकावर बसल्या आणि पहिलं प्रकरण संपवूनच उठल्या. तरुणपणी काय चोरून वाचलं, हा प्रश्न या वयाला जरूर विचारा.

देताना आणि परत घेताना

एका वेळी दोनच पुस्तकं सुचवा, एक त्यांच्या सवयीतलं आणि एक अर्धं पाऊल बाहेरचं. दहा नावांची यादी दिली तर त्यातलं एकही वाचलं जात नाही. गोष्ट सांगू नका. सुरुवात कुठे होते आणि चव कशी आहे, एवढं दोन वाक्यांत सांगा. “वाचलंच पाहिजे” म्हणू नका. “तीस पानं वाचा, नाही जमलं तर परत आणा” म्हटलं की माणूस मोकळा होतो. मुलांना “काय शिकलास?” विचारू नका.

वाचनालयातून निवडत असाल तर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघा. शिक्के दाटीवाटीने असतील तर ते पुस्तक बहुतेकांना चालतं. शिक्के थोडे पण पुस्तक चांगलं, असं असेल तर त्याला योग्य माणूस शोधून द्यावा लागतो, आणि तेच तर आपलं काम.

पुस्तक परत आलं की “आवडलं का?” विचारू नका. आपल्याकडे माणसं भिडेपोटी “छान होतं” म्हणतात आणि विषय संपतो. “कुठवर आलात?” किंवा “कोणाचा राग आला?” असं विचारा. सत्तराव्या पानावर थांबलो, हे उत्तर ‘छान’पेक्षा पुष्कळ उपयोगाचं. ते वहीत नावासमोर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता येतं.

जवळ वाचनालय नसेल तर मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत. मोठ्यांसाठी जुने दिवाळी अंक घ्या, रद्दीच्या दुकानात स्वस्तात मिळतात. एकाच अंकात ग्रामीण, विनोदी, गूढ असे निरनिराळे लेखक भेटतात. अंक वाचून झाला की कोणती कथा पुरी वाचली ते विचारा आणि त्या लेखकाचं पुस्तक शोधून द्या.