पुण्यात म्युझियम आणि संध्याकाळचा कार्यक्रम, एक दिवस नीट कसा प्लॅन करायचा

घरी पाहुणे आले की आपण शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर म्युझियम, दगडूशेठ असं सगळं एका दिवसात उरकतो आणि रात्री जेवताना कुणालाच काही धड आठवत नसतं. माझं सरळ म्हणणं आहे, एका दिवशी एकच म्युझियम बघा आणि त्याच भागातला संध्याकाळचा एक कार्यक्रम, बास.

म्हणून आधी भाग ठरवा. पेठांमध्ये जायचं असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालय, तिथून भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक, ज्योत्स्ना भोळे सभागृह ही कार्यक्रमांची ठिकाणं सगळी चालत. जंगली महाराज रोडला जायचं असेल तर घोले रोडचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय (1890 सालचं आहे, पण शेजारून रोज जाणाऱ्यांनीही आत पाऊल टाकलेलं नसतं), मग पाताळेश्वर लेणी आणि शेवटी बालगंधर्व रंगमंदिर. गाडी शक्यतो घरीच ठेवा, पेठांत पार्किंग शोधण्यातच अर्धा तास जातो, मंडई किंवा संभाजी उद्यानला मेट्रोने उतरा आणि पायी फिरा.

मग कार्यक्रम शोधा. पेपरच्या पुणे पुरवणीत 'आजचे कार्यक्रम' येतात ते वाचा, तिकीट बुकमायशोवर बघा, आणि नाट्यगृहाबाहेरचा बोर्ड वाचायची सवय लावा कारण छोटी व्याख्यानं, गाण्याच्या बैठकी, चित्रप्रदर्शनं ऑनलाइन सापडतातच असं नाही. बालगंधर्वच्या कलादालनात तर सहज जाता जाता डोकवावं, चित्रकार बऱ्याचदा तिथेच बसलेला असतो, त्याला बिनधास्त प्रश्न विचारा, कुणी विचारलं की त्यांना मनापासून आनंद होतो. निघायच्या आधी म्युझियमला फोन करून सुट्टीचा वार, वेळ आणि फोटो काढू देतात का एवढं विचारून घ्या.

आता बघायचं कसं. केळकर म्युझियमचंच घ्या, काका म्हणजे दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हे उभं केलं, वस्तू 20,000 च्या वर आहेत आणि मांडलेल्या साधारण अडीच हजार. सगळं बघायचा हट्ट धरलात तर पहिल्या मजल्यावरच पाय दुखायला लागतील. त्यापेक्षा एक गोष्ट निवडा, उदाहरणार्थ अडकित्ते. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण कुणी त्याला पक्षी केलंय, कुणी घोडा, कुणी चक्क जोडपं. मूठ कुठे धरत असतील, पातं कुठून उघडतं, कुठली बाजू हात लागून लागून गुळगुळीत झालीय, हे बघत दहा मिनिटं उभे राहा. नंतर तसंच पाय घासायच्या वज्रींचं करा, अंघोळीच्या वस्तूवर एवढी नक्षी करणाऱ्या माणसाबद्दल मला फार प्रेम वाटतं. आणि कोथरूडहून आणून आत पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल चुकवू नका.

मुलं बरोबर असतील तर वही पेन्सिल द्या आणि आवडलेली एकच वस्तू काढायला सांगा, मोबाईल आपोआप खिशात जातो. कॅम्पातलं आदिवासी संग्रहालय पण मुलांना खूप आवडतं, वारली चित्रं, मुखवटे, दागिने, आणि गर्दी जवळजवळ नाही.

मोठ्या महोत्सवांचं गणित वेगळं. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा पावसाळ्यात, सवाई गंधर्व हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव डिसेंबरात, पिफ म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव साधारण जानेवारीत, त्यामुळे महिनाभर आधीपासून बातम्यांवर लक्ष ठेवा. सवाई 1953 मध्ये भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, पहिल्यांदा जात असाल तर भारतीय बैठकीचं तिकीट काढा, ते स्वस्त असतं आणि आजूबाजूला बसलेल्या जुन्या श्रोत्यांकडून राग ओळखायला शिकता येतं. पाठ दुखत असेल तर मात्र खुर्चीच घ्या. शाल, पाण्याची बाटली आणि बसायला छोटी गादी न्या, उघड्या मैदानावर रात्री चांगलीच थंडी वाजते.

आणि 18 एप्रिल जागतिक वारसा दिन, 18 मे संग्रहालय दिन, या दोन तारखा कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, त्या आसपास वारसा फेऱ्या आणि खास प्रदर्शनं असतात आणि फेऱ्यांच्या जागा पटकन भरतात.