वॉक-इन वॉर्डरोब करताय? आधी भिंतीला हात लावून बघा

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमधली त्याची ९ बाय १० फुटांची खोली रिकामी झाली. तिथे फक्त कपडे ठेवायचे असं ठरलं. दिवाळीआधी सुताराने काम संपवलं, येणाऱ्याजाणाऱ्याने कौतुक केलं. पुढच्या श्रावणात पश्चिमेकडचं कपाट उघडलं तर चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरी लव, आणि आईच्या इरकलीला कुबट वास!

चूक कपाटाची नव्हती, भिंतीची होती. ती बाहेरची भिंत, पावसाचा मारा थेट तिच्यावर, आणि आम्ही बॅकप्लाय, म्हणजे कपाटाची मागची फळी, तिलाच ठोकून मोकळे झालो. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचंही हेच होतं. म्हणून डिझाइन काढण्याआधी एक पावसाळा त्या खोलीची भिंत बघा. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतच दमटपणा जास्त आहे. भिंतीची ओल असेल तर दुरुस्ती बाहेरून करा. आतून डॅम्पप्रूफ रंग मारून घेतला की वर्षभरात पोपडे सुटतात, आणि तेव्हा ते पोपडे कपाटामागे असतात. भिंत पूर्ण सुकल्यावरच सुताराला बोलवा, आणि त्याला निक्षून सांगा की भिंत आणि बॅकप्लाय यांच्यात इंच-दीड इंच फट राहू दे. तो 'ताई, जागा वाया जाते' म्हणेल. जाऊ दे.

दुसरी चूक खिडकीची. एक खण जास्त मिळतो म्हणून खिडकीवरून कपाट घेतात. मग खोली कोंदट होते. उलट, खिडकी आहे म्हणून भर पावसात ती उघडी टाकणं, नाहीतर दिवसभर एक्झॉस्ट पंखा चालवणं, हेही चूकच. पंखा आतली हवा बाहेर काढतो आणि तितकीच बाहेरची ओली हवा आत येते. पावसाळ्यात खोली बंद ठेवून एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. काटा ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा धरत नाही. हवेतली ओल शोषून पाणी साठवणारे डबे वापरत असाल तर ते तळाशी ठेवा आणि वेळेवर ओता. ते सांडले तर कपड्याचं वाटोळं होतं.

मापांबद्दल थोडक्यात. हँगर आडवा बसायला कपाट निदान २२ ते २४ इंच खोल हवं. सात फूट रुंदीच्या खोलीत दोन्ही बाजूंनी कपाटं घेतली तर मध्ये जेमतेम तीन फूट उरतात. दीड फुटाचं दार उघडलं की माणूस अडकतो, तिथे सरकती दारं किंवा एकच बाजू बरी. दारं नकोतच, उघडंच छान दिसतं, असं वाटत असेल तर रस्त्यालगतच्या घरातली धूळ आठवा. चार फुटांपेक्षा लांब रॉडला मध्ये आधार हवा, नाहीतर हिवाळ्यातल्या जॅकेटांनी तो वाकतो. कुर्ता, शर्ट, अनारकली यांची लांबी घरच्याच टेपने मोजा, सुताराच्या अंदाजावर सोडू नका.

प्लायवर आयएस ३०३ की आयएस ७१० शिक्का आहे ते स्वतः बघा. पहिला साधा, सर्वसाधारण वापराचा. दुसरा मरीन, पाण्याला टिकणारा. बाहेरच्या भिंतीच्या बाजूला मी आता दुसराच घेईन. वाळवीचं औषध कपाट लावण्याआधी मारून घ्या, नंतर कोपऱ्यात हात पोचत नाही.

बुरशी आधीच लागली असेल तर तोंडाला मास्क लावून सगळे कपडे बाहेर काढा आणि गॅलरीत ब्रशने झटका. सुती कपडे उन्हात, रेशीम सावलीत. मग बॅकप्लाय सोडवून भिंत उघडी करा. आम्ही हे न करता नुसतं पुसून घेतलं होतं, पंधरा दिवसांत लव परत हजर.

पैठणीचं मात्र वेगळं. सुंदर दिसते म्हणून हँगरवर वर्षानुवर्षं लटकवली की जरीच्या वजनाने कापड ताणतं आणि घडीच्या रेषेवर विरतं. मलमलीत गुंडाळून आडवी ठेवा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका; वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात पुरे. आईची इरकल आता तशीच ठेवलीय, पण पूर्वेच्या कपाटात.