घर दुसऱ्या राज्यात हलवताय? ताडपत्री आवळायच्या आधी हे बघून घ्या

सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत आपण गिऱ्हाईक असतो, एकदा ताडपत्री आवळली की आपण नुसता फोन करणारा माणूस. कोथरूडहून बेंगळुरूला टू बीएचके हलवला तेव्हा हे मला बऱ्यापैकी महागात पडून कळलं, म्हणून सगळं लिहून ठेवतेय, लांबलंय पण शिफ्टिंग असेल तर वाचाच.

आधी कोटेशन. पॅकर्स-मूव्हर्सच्या एका साइटवर नंबर टाकला की अर्ध्या तासात पंधरा-वीस फोन येतात, आणि त्यातला एक जण सामान न बघताच "मॅडम, अठरा हजारात करून देतो" म्हणतो. त्याला तिथेच नमस्कार करायचा. जो घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर एकेक खोली बघतो, माळ्यावरचं आणि बाल्कनीतल्या कुंड्या पण मोजतो, त्याच्याशीच पुढचं बोलायचं. आणि मग सगळं लेखी मागायचं, पॅकिंगचं मटेरियल, चढवणं-उतरवणं, दोन्हीकडचा मजला आणि लिफ्ट आहे की नाही, एसी काढणं-बसवणं, जीएसटी धरून की सोडून, गाडी पूर्ण आपली की पार्ट लोड. पार्ट लोड वाईट नसतो, स्वस्त पडतो, पण सामान मध्ये कुठल्यातरी गोडाऊनला उतरून दुसऱ्या गाडीत चढतं, आणि फुटतं ते बहुतेक तिथेच.

कंपनी खरी आहे का ते बघायला फार काही लागत नाही. या धंद्यात एका मोठ्या नावाच्या जवळपास जाणारी पन्नास नावं असतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, जीएसटी नंबर मागा आणि जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. पंधरा अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, गोवा 30. पोर्टलवर जे नाव येतं तेच बिलावर आणि ज्या खात्यात पैसे भरायचे तिथे पण पाहिजे. "आयबीए अप्रूव्ड" असं व्हिजिटिंग कार्डवर कोणीही छापतं, इंडियन बँक्स असोसिएशनची ट्रान्सपोर्टरांची यादी असते, त्यात नाव दाखवा म्हणायचं. आणि दुसऱ्यांचा माल रस्त्याने नेणाऱ्याला 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागतं, ते सर्टिफिकेट पण मागा. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात, काम सोपं होतं.

आता बिल्टी, म्हणजे एलआर (लॉरी रिसीट), माल घेतल्याची पावती. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच आणि सगळ्यात कमी लोक वाचतात तो पण हाच. कायद्याने ट्रान्सपोर्टरने ती द्यायची असते आणि मालाची किंमत आपण जाहीर करायची असते. ही किंमत कुठे कामाला येते बघा. सामान हरवलं किंवा मोडलं तर त्याच कॅरेज बाय रोड कायद्याच्या 2011 च्या नियमांप्रमाणे त्यांची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, पण आपण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे भाडं 28 हजार असेल तर वरची मर्यादा 2 लाख 80 हजार, पण सुपरवायझरने घाईत किमतीच्या रकान्यात 10 हजार लिहिलं आणि तुम्ही सही ठोकली की तुमचा फ्रिज, टीव्ही, कपाट सगळं मिळून दहा हजाराचं. "लिहायला लागतं म्हणून लिहिलंय मॅडम" हे वाक्य ऐकलं की पेन हातात घ्या आणि खरी किंमत स्वतः लिहा. तिथे "ओनर्स रिस्क" चा शिक्का असेल तर खोडून मागा, आणि नाहीच खोडला तरी शिक्का मारला म्हणून त्यांची जबाबदारी संपली असं होत नाही.

इन्शुरन्सच्या नावाने जाहीर किमतीच्या दोन-तीन टक्के घेतात. ते घेताना विचारायचं की पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची आणि सर्टिफिकेट कधी देणार. बरेचदा ती पॉलिसी नसतेच, एफओव्ही नावाचा चार्ज असतो, म्हणजे ट्रान्सपोर्टरचा स्वतःचा तोंडी भरवसा. विमा विकायचा परवाना विमा कंपनीकडे असतो, ट्रकवाल्याकडे नाही. सर्टिफिकेट नसेल तर ते पैसे देऊ नका.

सामानाच्या यादीचा किस्सा सांगते. सुपरवायझर मुलगा बोलायला एकदम गोड, पण यादीत प्रत्येक वस्तूपुढे "ओल्ड, स्क्रॅच" लिहीत होता, सहा महिन्यांच्या वॉशिंग मशिनपुढे पण. म्हणजे उद्या पोचा आला तर तो आधीचाच. मी अर्ध्या यादीनंतर बघितलं. तुम्ही पहिल्या ओळीपासून बघा, पॅक करायच्या आधी प्रत्येक मोठ्या वस्तूचे चारी बाजूंनी फोटो काढा, आणि बॉक्सवर नुसतं "किचन 4" नको, आत काय ते लिहून घ्या. आईचा पाटा-वरवंटा यादीत "स्टोन 1" असा लिहिला होता, दोन्ही मिळून एक! दागिने, कॅश, पासपोर्ट, डिग्र्या हे सगळं आपल्याबरोबर न्यायचं. गॅस सिलेंडर ट्रकमध्ये देऊच नका, सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्यायचं आणि नव्या शहरात कनेक्शन घ्यायचं. स्कूटर जाणार असेल तर पेट्रोल काढून, आणि दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर आरटीओची एनओसी निघायच्या आधीच काढा, नंतर त्यासाठी परत यावं लागू शकतं.

मग येतो तो फोन. आमचा ड्रायव्हर तुमकूरच्या अलीकडे थांबला आणि ऑफिसमधून फोन, "एंट्री टॅक्स लागलाय, नऊ हजार टाका, नाहीतर गाडी हलणार नाही." हे साफ खोटं असतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा जकात आणि एंट्री टॅक्स दोन्ही गेले, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाची (माल नेताना जीएसटीखाली काढायच्या ऑनलाइन कागदाची) सुद्धा गरज नाही, नियमातच सूट आहे. मी फोनवर एवढंच म्हटलं की पावती व्हॉट्सअॅपवर पाठवा, ज्या अधिकाऱ्याने मागितले त्याचं नाव पाठवा. गाडी तासाभरात हलली. नाही हलली तर लेखी मेसेज करा, कोटेशन जोडा, आणि 112 ला फोन करा. माल ताब्यात घेऊन तो हडप करणं हा वाहतूकदारासाठी वेगळा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, फोनवर शांतपणे कलम सांगितलं की आवाज बदलतो. अॅडव्हान्स घेऊन माणूस गायबच झाला असेल तर 1930, सायबरवाले, जितक्या लवकर तितकं बरं.

डिलिव्हरीला सगळे घाईत असतात, "मॅडम सही द्या, पुढची गाडी आहे." बॉक्स मोजल्याशिवाय सही नाही. उघडून बघायला वेळ नसेल तर सहीच्या वर लिहा की सामान उघडून तपासलेलं नाही, आणि जे डोळ्याला दिसतंय, ओला बॉक्स, फाटलेला पुठ्ठा, ते तिथेच लिहा. बॉक्स फोडतानाचा व्हिडिओ ठेवा.

काही गेलं-मोडलं तर आधी लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. हे विसरू नका, या नोटिसीशिवाय कॅरेज बाय रोड कायद्याखाली दावा टाकता येत नाही. निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर नसते, माल दिला होता आणि नीट मिळाला नाही एवढं कागदावर पाहिजे. मग 1915 ला ग्राहक हेल्पलाइन, आणि तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांची मुदत. आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी पुण्याची असली तरी बेंगळुरूत चालते, ऑनलाइन होते, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

एक आपल्या बाजूचं पण. सामान उचलणारी चार पोरं सकाळी आठपासून जिने चढत असतात, त्यांना पाणी, चहा आणि बाथरूम एवढं तरी विचारायचं, आणि "जाता जाता हा सोफा मावशीकडे टाका" असली कामं सांगायची नाहीत. खुशी म्हणून काय द्यायचं ते आपल्या मनावर, ते पोरांच्या हातात द्यायचं, सुपरवायझरकडे नाही. पण सोसायटीच्या गेटवर कोणी येऊन आमची माणसं न लावता उतरवलं म्हणून वाराई द्या म्हणालं तर ती खंडणी आहे, तिथे पण 112.

माझ्या नोटिसीला उत्तर आलं, फुटलेल्या काचेचे पैसे मिळाले. पाटा पण आला. वरवंटा नाही आला, आणि कागदावर "स्टोन 1" पोचलेला आहे, त्यामुळे त्याचं काही करता आलं नाही.