लाटेचा फेस छापायचा नसतो

जपानी चित्रकार होकुसाईचं 'कानागावाची लाट' हे छापचित्र (सुमारे १८३१) नीट पाहा. फेसाचा पांढरा म्हणजे बहुतेक कोरा कागदच. मोकुहांगा, म्हणजे जपानी लाकडी ठशांची छपाई, शिकायला बसणाऱ्याने समुद्र निवडला, तर पांढरं कुठे राखायचं हे कोरण्याआधीच ठरवावं. नंतर ते परत आणता येत नाही.

पहिलं काम दोन पोस्टकार्डांएवढं पुरे. रेघांचा एक ठोकळा आणि निळ्याचे दोन. जुने ठसे रानटी चेरीच्या लाकडाचे असत. शिकताना शिना प्लाय (जपानी लिंडनच्या मऊ लाकडाची) चालते, फक्त तिच्यावर केसासारखी रेघ टिकत नाही. चित्र पातळ कागदावर काढून ठोकळ्यावर पालथं चिकटवा. कोरताना चाकू असा कलता धरा की रेघ वर अरुंद आणि बुडाशी रुंद राहील. उलटा कलला तर रेघ खालून पोखरली जाते आणि छापता छापता ब्रशबरोबर निघून येते. लाटेच्या टोकांवर हे हमखास होतं.

कागद बसवायच्या खाचांना केंतो म्हणतात. उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी, डावीकडे खालच्या कडेला सरळ. रंगाच्या ठोकळ्यांवर त्या मोजपट्टीने उतरवू नका. रेघांच्या ठोकळ्याचा केंतोसकट छाप घ्या आणि तोच पालथा चिकटवून कोरा. मिलिमीटरभर चूकसुद्धा फेसाच्या कडेला निळी सावली म्हणून दिसते.

कागद कोझोचा, म्हणजे एका जातीच्या तुतीच्या सालीचा, सरस-तुरटी दिलेला. सरस नसेल तर रंग पसरतो आणि तंतू उचलले जातात. एकाआड एक ताव पाण्याच्या ब्रशने ओला करा, गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कागद हाताला गार लागावा, पण चमकू नये. चमकला तर रेघा फुटणार. मध्येच वाळला तर आकसतो आणि केंतो कितीही नेमका असला तरी रंग जुळत नाहीत. पावसाळ्यात असा गठ्ठा दोन दिवसांहून जास्त बाहेर ठेवू नये, बुरशी धरते, उरलेला फ्रिजमध्ये.

आता निळा. जपानीत प्रशियन ब्लूला बेरो-आई म्हणतात. बेरो म्हणजे बर्लिन. रंग ठोकळ्यावर घ्या, शेजारी वाटाण्याएवढी तांदळाची खळ, आणि दोन्ही ब्रशने तिथेच एकजीव करा. खळ कमी पडली तर तिळासारखे ठिपके उठतात. त्याला गोमाझुरी म्हणतात, आणि वाळूला किंवा खडकाला ते मुद्दामही आणतात. खळ जास्त झाली तर रंग कडांना साचतो.

क्षितिजाकडे गडद होत जाणारं पाणी म्हणजे बोकाशी. जिथे रंग विरायचा तिथे ठोकळा ओल्या फडक्याने पुसा, ब्रशच्या एकाच टोकाला रंग घ्या आणि क्षितिजाला समांतर, सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. हात गोल फिरला की गडद रंग फिक्यात शिरतो. छटेऐवजी ठळक पट्टा उमटला, तर पाणी कमी पडलं. डाग उठले, तर जास्त झालं. एकाच दमात गडद करायला जाऊ नका. पातळ रंगाचे दोन-तीन थर एकावर एक द्या.

बारेन, म्हणजे बांबूच्या पानात गुंडाळलेली घासायची चकती, कागदाच्या पाठीवरून फिरवताना जोर मनगटाचा नको, खांद्याचा हवा. कोरडं लाकूड पाणी पितं, त्यामुळे पहिले तीन-चार छाप फिकेच येतात. त्यासाठी रद्दीचे ताव आधीच भिजवून ठेवा.